पाहुण्यांचे छायाचित्र

हिवाळ्यात आपल्या नदीकाठी व तलावांवर दूरदेशीचे पक्षी येतात. त्यांची छायाचित्रे काढताना कोणत्या अडचणी येतात, त्यांवर मात कशी करता येते, आणि मात करण्याच्या भरात कोणती मर्यादा ओलांडू नये, हे या पाठात एका सेवानिवृत्त शिक्षकाने स्वानुभवाच्या आधारे सांगितले आहे.

दिवाळी सरते. नीरेच्या खोऱ्यातील भाताची खाचरे कापून मोकळी होतात. खळ्यावरची झोडणी आटोपते आणि मग एके दिवशी पहाटे दार उघडून अंगणात पाऊल टाकावे, तो अंगावर शिरशिरी उठते. थंडी आलेली असते. परंतु भोर तालुक्यातील उत्रोली या आमच्या गावी थंडीची चाहूल आम्हांला थंडीच्याही आधी लागते. ती देतो एक चिमुकला पक्षी. राखाडी पाठ, पांढरे पोट, छातीवर काळा पट्टा आणि सदैव खालीवर होणारी लांब शेपटी. त्याचे नाव धोबी. दगडावर कपडे आपटावेत तशी त्याची शेपटी हलत असते, म्हणून त्याला हे नाव पडले. या पक्ष्याचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे साखरेइतके. एवढासा जीव हिमालयातून, किंवा त्याच्याही पलीकडच्या उत्तरेकडील प्रदेशांतून उडत येतो आणि आमच्या बांधावर उतरतो.

त्याच्यामागून इतरही पाहुणे येतात. शाळवाच्या शेतांवर भोरड्यांचे थवे उतरतात. नावात भोर असला, तरी भोरडीचे माहेर आमचे भोर नव्हे. ते दूर मध्य आशियात आहे. येळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या जलाशयावर नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसू लागतात. नीरेच्या काठाने खाली पुरंदर तालुक्यातील वीर धरणापर्यंत गेले, तर तेथे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस पाहावयास मिळतात. मुलांनो, हे सर्व पाहुणे चार-पाच महिने आपल्याकडे राहतात आणि उन्हाळा लागू लागला की परत जातात.

मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा घरच्या मंडळींनी मला एक कॅमेरा भेट दिला. पस्तीस वर्षे ज्या हाताने खडू धरला, त्या हाताने आता पाहुण्यांची छायाचित्रे काढावीत, असे मी ठरवले. हे काम मला सोपे वाटले होते. पक्षी समोर आहे, कॅमेरा हातात आहे, कळ दाबली की झाले! पहिल्याच सकाळी मी परसातल्या धोब्याकडे कॅमेरा रोखला. भिंग जुळवीपर्यंत तो बांधावर गेला. बांधाकडे वळलो, तो पाटाच्या कडेला पोहोचला. तासाभरात मी वीस छायाचित्रे काढली. त्यांपैकी बहुतेकांत नुसता बांध होता, आणि एकात बांधाबरोबर शेपटीचे टोक आले होते.

हा पराभव मनाला लागला. मी पुस्तके वाचली, जाणकारांना विचारले आणि अडचणी एकेक करून समजून घेऊ लागलो.

पहिली अडचण प्रकाशाची. तुम्हांला गणित येते, तेव्हा आपण ती गणितानेच समजून घेऊ. एखादा पक्षी ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडतो आहे असे समजा. म्हणजे तो एका सेकंदात १० मीटर जातो. कॅमेऱ्यातील पडदा, ज्याला शटर म्हणतात, तो सेकंदाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्या वेळात पक्षी १० सेंटिमीटर पुढे सरकेल आणि चित्रात पक्ष्याऐवजी एक पुसट रेघ उमटेल. पडदा सेकंदाचा हजारावा भागच उघडा ठेवला, तर पक्षी केवळ १ सेंटिमीटर सरकेल आणि चित्र बरेच स्पष्ट येईल. पण पडदा जितका थोडा वेळ उघडा, तितका कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश कमी! आणि हिवाळ्याच्या पहाटे, जेव्हा पक्षी चरण्यासाठी बाहेर पडतात, तेव्हा प्रकाश आधीच अपुरा असतो. त्यातून जलाशयावर धुके पसरलेले असते. कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता वाढवता येते हे खरे, पण ती फार वाढवली की चित्रावर बारीक वाळू भुरभुरल्यासारखे कण दिसू लागतात. एका हाताने घ्यावे आणि दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी अडचण अंतराची. ४० मीटरांवरचा पक्षी २० मीटरांवर आला, तर चित्रात त्याची लांबी दुप्पट होते, आणि तो चित्राची चौपट जागा व्यापतो. म्हणून पक्ष्यांच्या जवळ जावे, असे कोणालाही वाटते. मलाही वाटले. या वाटण्याने माझी जी फजिती झाली, ती सांगतो.

डिसेंबरातील एका सकाळी मी भाटघरच्या जलाशयावर गेलो. पावसाळ्यानंतर हे धरण भरलेले असते. शेतीसाठी पाणी सोडले जाते तसतसे ते हळूहळू ओसरते आणि काठाशी ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. काही ठिकाणी शेतकरी त्यात गाळपेर करतात. अशाच एका पट्ट्यावर चक्रवाकांची जोडी कोवळे गवत खुडत होती. आपल्या कवींना हा पक्षी फार प्रिय. रात्री या जोडीची ताटातूट होते आणि नदीच्या दोन तीरांवरून ती एकमेकांना साद घालतात, अशी त्यांची कल्पना. ते सारे आठवून मी हरखून गेलो. वाकून, दबकत, कॅमेरा डोळ्याला लावून मी त्यांच्या दिशेने निघालो. पन्नास पावले झाली. दोन्ही पक्ष्यांनी चरणे थांबवून माना ताठ केल्या. आणखी दहा पावले टाकली. एकाने घोगरा आवाज काढला. मी पुढचे पाऊल उचलले मात्र, आणि जोडी उडाली. पांढरे-काळे पंख फडफडवीत ती दूर पैलतीरी जाऊन उतरली.

काठावर एक वृद्ध गृहस्थ म्हशी चारत बसले होते. ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही त्यांच्यावर नजर रोखून, दबा धरून नाकासमोर निघालात. कोल्हाबी असाच येतो."

"मग मी कसे जावे, बाबा?" मी विचारले.

"जाऊच नका. माझ्या म्हशी बघा. खाली मान घालून, आपल्या वाटेनं चरत जातात. त्यांना कोण भितं? तुम्ही बसा. त्यांची पोटं भरायची जागा हीच हाय. येतील त्यांच्या मनानं."

शाळेची पायरीही न चढलेल्या त्या गृहस्थांनी मला जे शिकवले, ते एका पुस्तकात फार सविस्तर आले असते. पक्षी एकाएकी उडत नाही. उडण्याआधी तो आपल्याला बजावतो. चरणे थांबते, मान वर होते, शरीर ताठ होते, मग आवाज येतो. मान वर झाली की आपण जागीच थांबावे. ती पुन्हा खाली जाईपर्यंत हलू नये. गेली नाही, तर मागे फिरावे. मला ही सर्व लक्षणे दिसली होती, परंतु माझे लक्ष पक्ष्यापेक्षा माझ्या छायाचित्राकडे अधिक होते.

गुरेढोरे पाहून पक्षी भीत नाहीत, या गोष्टीचा उपयोग फार पूर्वी दोघा भावांनी करून घेतला आहे. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात रिचर्ड व चेरी कीअर्टन हे भाऊ जन्मले. चेरी यांनी १८९२ साली रानातील घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र काढले. अशा प्रकारच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. त्या काळचे कॅमेरे अवजड, चित्र काचेच्या पट्टीवर उमटायचे आणि दूरचे टिपणारी भिंगे फारशी प्रचलित नव्हती. पक्ष्याच्या अगदी जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा या भावांनी १९०० च्या सुमारास एका बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून खोटा बैल तयार केला. आत कॅमेरा घेऊन माणूस उभा राही आणि बैलाच्या अंगातील छिद्रातून भिंग बाहेर डोकावत असे! पक्ष्यांना वाटे, बैल चरतो आहे.

मी काही बैल केला नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन, बांबूच्या चार काठ्या, जुनी गोणपाटे आणि वर भाताचा पेंढा, असा एक आडोसा मी संध्याकाळी उभा केला. पहिले दोन दिवस तिकडे फिरकलोही नाही. पक्ष्यांना त्या आकाराची सवय व्हावी, हा हेतू. तिसऱ्या दिवशी पहाटे, चांदण्या असतानाच, मी आत जाऊन बसलो. उजाडल्यावर गेलो असतो, तर पक्ष्यांनी मला आत शिरताना पाहिले असते आणि आडोशाचा काही उपयोग झाला नसता.

हिवाळ्यातील पहाट आडोशात बसून काढणे हे बोलण्याइतके सुखाचे नाही. बोटे गारठून कळ दाबता येईना. गोणपाटावर पडलेल्या दवाचे थेंब मानेवर टपकत होते. भिंगावरही दव जमे, ते मऊ फडक्याने टिपावे लागे. श्वास जोराने सोडला, तर डोळा लावायची काच धुरकट होई. खोकला आला, तर तो गिळावा लागे. आठ वाजेपर्यंत समोर धुक्याची भिंतच होती. त्या भिंतीपलीकडून पाण्यात चोची चाळवल्याचे आवाज येत होते, पण दिसत काहीच नव्हते.

मग डोंगरावर सूर्य आला आणि धुके विरू लागले. हिवाळ्यातील सकाळचे तिरपे, पिवळसर ऊन हे छायाचित्रकाराचे खरे धन. त्या उन्हात पिसान्‌पिस वेगळे दिसते. परंतु हे धन फार वेळ टिकत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचाच असतो. ऊन चढू लागले की जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर उठते आणि दूरचा पक्षी पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरताना दिसतो. तो थर कोणत्याही भिंगाला भेदता येत नाही. म्हणजे एवढ्या खटाटोपातून हाती लागतो तो जेमतेम दीड-दोन तासांचा अवधी. त्यात आणखी एक पेच असतो. समोर गडद पाणी आणि त्यावर शुभ्र बगळा असेल, तर गडद भाग फार म्हणून कॅमेरा अधिक प्रकाश घेतो, आणि बगळा पिसे नसलेल्या पांढऱ्या डागासारखा उमटतो. तेथे यंत्रावर न विसंबता स्वतःच्या बुद्धीने प्रकाश कमी करावा लागतो.

त्या दिवशी नऊच्या सुमारास चक्रवाकांची जोडी आपण होऊन आली. माझ्यापासून पंचवीस-तीस मीटरांवर ती उतरली आणि निश्चिंतपणे चरू लागली. मी मोजकीच छायाचित्रे काढली. जोडी चरत चरत दूर गेली, तेव्हाच मी आडोशातून बाहेर पडलो. म्हशीवाल्या बाबांना ते चित्र दाखवले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "रोज बघतो, पण डोळा असा तांबूस-काळा हाय, हे आज कळलं."

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती कॅमेऱ्याची नाही, माणसाची आहे.

पुढल्या महिन्यात मी माझ्या पुतण्याला घेऊन वीर धरणावर गेलो. तो तुमच्याच वयाचा, सातवीतला. पट्टकादंब पाहण्याची त्याला मोठी हौस. आम्ही पोहोचलो, तेव्हा हंसांचा मोठा थवा पाण्यालगत विसावला होता. सकाळची चरणी करून ते परतले असावेत. कोणी एका पायावर उभे होते, कोणी पोटावर बसले होते. पुष्कळांनी मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसली होती. आम्ही झुडपाआड बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. हंस हलेनात. ऊन चढत चालले होते.

पुतण्या कंटाळला. त्याने हळूच एक दगड उचलला आणि म्हणाला, "काका, मी हा पाण्यात टाकतो. त्यांना लागणार नाही. नुसते उडतील. सगळा थवा एकदम उडतानाचं चित्र किती सुंदर येईल!"

मुलांनो, खरे सांगतो, क्षणभर मलाही मोह झाला. सूर्य पाठीशी होता. कॅमेरा तिपाईवर सज्ज होता. शेकडो पंख एकदम उघडले असते, आणि तसे चित्र मला पुन्हा कधी मिळेल याची शाश्वती नव्हती. तिथे पाहणारेही कोणी नव्हते. मी काही बोललो नाही. पुतण्याने माझ्या गप्प बसण्याला होकार समजून हात मागे नेला, तेव्हा मी भानावर आलो आणि त्याचा हात धरला.

"का पण, काका?" त्याने विचारले.

मी त्याला जे सांगितले, ते तुम्हांलाही सांगतो. या हंसाचे वजन दोन ते तीन किलो. तिबेट, मंगोलिया, लडाख इकडील सरोवरांच्या काठी तो अंडी घालतो. तेथील पाणी हिवाळ्यात गोठते, म्हणून तो इकडे येतो, आणि येताना वाटेत हिमालय लागतो. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून पाहिले, तेव्हा ते ७००० मीटरांहूनही अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद मिळाली. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की तेथे माणसाला चालतानाही धाप लागते. हा प्रवास त्याला एकदा करून भागत नाही. मार्च महिना आला की त्याच वाटेने परत जायचे असते. त्यासाठी लागणारी शक्ती तो येथे, आपल्या शेतांतील व काठांवरील गवतदाण्यांतून, रोज थोडी थोडी साठवतो. विश्रांती म्हणजे त्या साठ्याला लावलेले कुलूप. एवढा जड देह एकाएकी हवेत उचलणे हे फार कष्टाचे काम असते. आपण एकदा दगड टाकला, तर थोडेसे धन खर्च होईल. पण आज आपण टाकू, उद्या दुसरा कोणी टाकेल, परवा तिसरा. प्रत्येकाला वाटेल की आपण एकदाच उडवले. हंसाला मात्र तो रोजचा खर्च. शेवटी ही जागा सुरक्षित नाही असे समजून तो ती सोडून जातो, आणि पाणवठा ओस पडतो.

पुतण्याने दगड खाली ठेवला. तो रुसला होता, हे मी कबूल केले पाहिजे. आम्ही झोपलेल्या हंसांची चार छायाचित्रे घेतली आणि मागच्या पावली, वाकून, निघून आलो. वळणावरून मागे पाहिले. थवा होता तसाच होता.

घरी येऊन चित्र मोठे करून पाहिले. पुतण्या म्हणाला, "काका, यात काहीच घडत नाही."

"नीट बघ," मी म्हणालो.

तो बघू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "हा एक झोपलेला नाही." खरेच, थव्याच्या कडेला एका हंसाची मान उभी होती. मग त्याला दुसऱ्या कडेला आणखी एक सापडला. बाकीचे झोपले असता हे दोघे पहारा करत होते, आणि त्यांनी आम्हांला पाहिलेही असेल. पुतण्याने त्या दिवशी आपल्या वहीत लिहिले : 'झोपलेले हंस मोजले. जागे हंस दोन.' तारीख आणि ठिकाणही त्याने लिहिले. ते चित्र आज आमच्या घरी भिंतीवर आहे. उडत्या थव्याचे चित्र मला अजून मिळालेले नाही.

छायाचित्र ही केवळ शोभेची वस्तू नसते. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या गळ्यात खुणेची पट्टी घालून त्यांना सोडण्यात आले होते. त्यांपैकी काही हंस भारतातील तलावांवर दिसले आणि पट्टीवरील अक्षरांवरून ओळखले गेले. एखाद्या स्पष्ट छायाचित्राने अशा रीतीने पक्ष्याचा हजारो किलोमीटरांचा प्रवास उलगडू शकतो. आपल्या देशात पक्ष्यांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणारे डॉ. सलीम अली यांचा जन्म मुंबईला १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. अरण्यातील पक्ष्यांविषयी मराठीत विपुल लेखन करणारे मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मले आणि २०२५ साली निवर्तले. या दोघांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. हिवाळी पाहुण्यांचे आगमन होत असते, तेच हे दिवस.

आज घरोघरी मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. एके काळी मोजक्या लोकांना जे साधन मिळे, ते तुमच्या हाताशी आले आहे. म्हणूनच तुम्हांला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका, आणि घरट्याच्या जवळ मुळीच जाऊ नका. आपल्याकडील काही पक्षी, उदाहरणार्थ घुबडे, ऐन हिवाळ्यातच अंडी घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावण्यास मनाई केली आहे. कॅमेरा नसेल, तर वही पुरे. कोणता पक्षी, किती, कोठे, केव्हा आणि काय करीत होता, एवढे लिहिले तरी ते एक चित्रच होते.

छायाचित्र काढून झाल्यावर मी आता स्वतःला एक प्रश्न विचारतो : मी आलो तेव्हा पक्षी जे करीत होता, तेच मी निघताना तो करीत आहे काय? उत्तर 'होय' आले, तर चित्र पुसट असले तरी मला त्याची खंत वाटत नाही.

मार्चमध्ये एके दिवशी बांधावरचा धोबी दिसेनासा होतो. वीरच्या काठावर हंसांची नुसती पावले उरतात. आमच्या दारी आलेला पाहुणा निरोप घेऊन निघाला, की आम्ही त्याच्याबरोबर शिदोरी देतो. या पाहुण्यांना शिदोरी बांधून देता येत नाही. ती ते स्वतःच गोळा करतात. आपण ती वाटेत सांडू नये, एवढेच आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

खाचर : बांध घातलेले भाताचे शेत
शाळू : रब्बी हंगामातील ज्वारी
गाळपेर : पाणी ओसरल्यावर गाळाच्या जमिनीत केलेली पेरणी
आडोसा : स्वतःला लपवण्यासाठी केलेली आडजागा
पैलतीर : पलीकडचा काठ
शाश्वती : खात्री
विरळ : पातळ, दाट नसलेली
शिदोरी : प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धोबी पक्ष्याला हे नाव का पडले?
(आ) कीअर्टन बंधूंनी खोटा बैल कशासाठी तयार केला?
(इ) पुतण्याने आपल्या वहीत काय लिहिले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उडण्यापूर्वी पक्षी कोणकोणती लक्षणे दाखवतो? त्या वेळी आपण काय करावे?
(आ) म्हशीवाल्या बाबांनी लेखकाला दिलेला सल्ला तुमच्या शब्दांत लिहा.
(इ) 'विश्रांती म्हणजे त्या साठ्याला लावलेले कुलूप' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. कारणे द्या.
(अ) लेखक उजाडण्यापूर्वीच आडोशात जाऊन बसला.
(आ) ऊन चढल्यावर दूरच्या पक्ष्याचे चित्र स्पष्ट येत नाही.
(इ) लेखकाने पुतण्याचा हात धरला.

४. एक पक्षी ताशी ५४ किलोमीटर वेगाने उडत आहे. शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडे राहिल्यास तेवढ्या वेळात पक्षी किती सेंटिमीटर पुढे जाईल?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मात करणे, दबा धरणे, भानावर येणे, ओस पडणे, गत्यंतर नसणे.

६. (अ) संधी सोडवा : सूर्योदय, हिमालय.
(आ) पाठातील पाच विशेषणे शोधून ती कोणत्या नामांसाठी आली आहेत ते लिहा.

७. चर्चा करा : पुतण्याने दगड टाकला असता आणि सुंदर छायाचित्र मिळाले असते, तर ते भिंतीवर लावताना लेखकाला काय वाटले असते?

८. उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या पाणवठ्यावर किंवा शेतावर आठवड्यातून एकदा, सकाळी अर्धा तास मोठ्या माणसांसमवेत शांत बसा. दिसलेल्या पक्ष्यांची नावे, संख्या, तारीख, ठिकाण आणि ते काय करीत होते, याची नोंद हिवाळाभर ठेवा. नाव माहीत नसेल, तर रंग व आकार लिहून गावातील जाणत्या माणसांना विचारा.